फी ठरवताना शाळेची वर्षे मोजावीत

डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात, ओळखीच्या एका मराठी घरी, २०२५ च्या उन्हाळ्यात जेवणाचे टेबल आठवडाभर जेवणासाठी वापरलेच गेले नाही. त्यावर लॅपटॉप उघडा होता आणि शेजारी पारदर्शक फोल्डरांत लावलेले कागद होते : एक जुना आणि एक चालू पासपोर्ट, व्हिसाची मंजुरीपत्रे, शाळेच्या गुणपत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, आणि नाशिकच्या एका दवाखान्यातले लसीकरणाचे पिवळे पडलेले कार्ड, ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, पण आईने मनाच्या समाधानासाठी तेही काढून ठेवले होते. घरातली मोठी मुलगी कम्युनिटी कॉलेजमधले, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजमधले, शिक्षण संपवून राज्याच्या एका विद्यापीठात जाणार होती. ती चार वर्षांची असताना टेक्सासला आली आणि बारावीपर्यंत इथल्याच सरकारी शाळांत शिकली. ती २१ वर्षांची झाली तेव्हा वडिलांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने मिळालेला तिचा एच-फोर हा आश्रितांचा व्हिसा संपला आणि ती एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेली. कायद्याच्या लेखी आता ती परदेशातून शिकायला आलेली विद्यार्थिनी आहे, जिचे खरे घर भारतात आहे आणि पदवी हाती पडताच जी तिकडे परतणार आहे. भारतात तिचे घर म्हणजे आजीचा दोन खोल्यांचा फ्लॅट.

विद्यापीठाकडून आलेल्या ई-मेलचा मथितार्थ असा होता की, आपण या देशात कायदेशीरपणे राहत असल्याचा पुरावा ठरलेल्या मुदतीत सादर करावा, अन्यथा परराज्यातील विद्यार्थ्याच्या दराने फी आकारली जाईल. तिने तो पुरावा तीन वेळा अपलोड केला आणि तिसऱ्या वेळी तो मान्य झाला. मधल्या तीन आठवड्यांत पोर्टलवर जो आकडा दिसत होता, तो वडिलांनी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावला होता. का लावला, हे त्यांनाही नीट सांगता आले नाही.

त्या आकड्यामागे काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांत फीचे दोन दर असतात, एक राज्याच्या रहिवाशाला आणि दुसरा बाहेरच्याला. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्याला रहिवासी दराने वर्षाला साधारण ११ ते १४ हजार डॉलर पडतात, तर बाहेरच्या विद्यार्थ्याला ४० हजारांच्या वर. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२४-२५ या वर्षी बाहेरच्या विद्यार्थ्याला मूळ फीव्यतिरिक्त ३४,२०० डॉलर अधिक भरावे लागत होते. म्हणजे राहण्याजेवण्याचा खर्च वगळूनही चार वर्षांत लाखभर डॉलरचा फरक पडतो. ज्यांना संघराज्याची शैक्षणिक मदत मिळत नाही, त्यांच्यासाठी हा फरक शिकायचे की नाही हेच ठरवतो. ही मदत एच-फोर आणि एफ-वनवरच्या मुलांना मिळत नाही आणि कागदपत्रांविना राहणाऱ्यांनाही मिळत नाही.

हे दोन दर का असतात, याचे उत्तर सरळ आहे आणि मला ते पटतेही. सरकारी विद्यापीठ राज्याच्या करांतून चालते, म्हणून तो कर भरणाऱ्यांच्या मुलांना तिथे स्वस्तात शिकता यावे. शिवाय जो इथे वाढला तो शिकून बहुधा इथेच राहील आणि त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च राज्याला परत मिळेल. या दोन्ही कारणांत नागरिकत्वाचा उल्लेख कुठेही नाही, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात जन्मलेला, वाढलेला, पिढ्यान्‌पिढ्यांचा अमेरिकन नागरिक शेजारच्या ओक्लाहोमातून ऑस्टिनला शिकायला आला, तर त्यालाही बाहेरचाच दर लागतो आणि त्यात कोणाला त्याच्या देशभक्तीचा अपमान झाल्यासारखे वाटत नाही. रहिवास आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या व्यवस्थेने पहिल्यापासून गृहीत धरले आहे. १९७३ साली कनेक्टिकटच्या एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याने बाहेरच्यांकडून जास्त फी घेण्यास हरकत नाही, परंतु एकदा बाहेरचा ठरवलेल्या विद्यार्थ्याला आपण आता इथलेच झालो आहोत हे सिद्ध करण्याची संधीच न देणे घटनाबाह्य आहे. वाद नेहमी ‘इथला कोण’ याचा होता. ‘नागरिक कोण’ हा प्रश्न त्यात नंतर घुसवला गेला.

कराचा मुद्दा टेक्सासमध्ये तर अधिकच स्पष्ट आहे, कारण या राज्यात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. राज्याची तिजोरी मुख्यतः विक्रीकरावर चालते, शाळा आणि कम्युनिटी कॉलेजे बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता कराच्या आधारावर. राज्याचा विक्रीकर सव्वासहा टक्के आणि त्यावर स्थानिक कर, असे मिळून बहुतेक शहरांत सव्वाआठ टक्के होतात. वही, बूट, टायर किंवा हॉटेलातले जेवण यांचे बिल करताना काउंटरवरचा माणूस कोणाचा व्हिसा विचारत नाही. मालमत्ता कर घरमालक भरतो आणि भाडेकरूकडून भाड्यात वसूल करतो. त्यामुळे छपरे शाकारणारा होंडुरासचा मजूर, प्लेनोतला एच-वन-बीवरचा इंजिनिअर आणि त्यांच्या शेजारचा अमेरिकन शिक्षक हे तिघेही त्याच तिजोरीत भर घालत असतात. ‘हे लोक कर भरत नाहीत’ हे वाक्य टेक्सासमध्ये ज्या सहजतेने बोलले जाते, ते पाहिले की सव्वाआठ टक्क्यांची पावती खिशात घेऊन फिरावे असे वाटते.

या प्रश्नाचे मूळही टेक्सासचेच आहे. १९७५ साली राज्याने असा कायदा केला की, देशात कायदेशीरपणे न आलेल्या मुलांसाठी शाळांना राज्याचा निधी मिळणार नाही आणि शाळांनी त्यांना प्रवेश नाकारला तरी चालेल. त्यानंतर टायलर या शहराच्या शिक्षण मंडळाने अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८२ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी ‘प्लायलर विरुद्ध डो’ हा निकाल लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्रेनन यांचे होते. आईवडिलांच्या कृतीची शिक्षा ज्या मुलांचा तिच्यात काहीच हात नाही अशांना देता येणार नाही, आणि अशिक्षित राहिलेला एक कायमचा वर्ग निर्माण करणे राज्याच्याही हिताचे नाही, असा त्याचा गाभा होता. तेव्हापासून बारावीपर्यंतचे सरकारी शिक्षण सर्व मुलांना मोफत आहे. पण निकाल शाळेच्या फाटकाशी थांबला. बारा वर्षे ज्या मुलावर राज्याने खर्च केला, ज्याला बसने शाळेत नेले आणि ज्याला आपल्याच राज्याचा इतिहास घोकायला लावला, तो तेराव्या वर्षी विद्यापीठाच्या दारात आला की राज्य त्याला ओळखच दाखवत नाही. पेरणी, खुरपणी आणि पाणी सगळे आपण करायचे आणि कापणीच्या दिवशी बांधावरून परत फिरायचे, असा हा व्यवहार आहे. यात दया बाजूला ठेवली तरी हिशेब चुकतोच.

हा हिशेब टेक्सासच्या विधिमंडळाला २००१ साली कळला होता. राज्यात शिकलेल्या मुलांना, कागद असोत वा नसोत, रहिवासी दर देणारे, ह्यूस्टनचे आमदार रिक नोरिएगा यांनी मांडलेले विधेयक दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने संमत झाले, त्यावर रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांनी सही केली आणि असा कायदा करणारे टेक्सास हे पहिले राज्य ठरले. अटी मोजक्या होत्या : टेक्सासच्या शाळेतून बारावी किंवा तिच्या समकक्ष परीक्षा उत्तीर्ण झालेले असावे, त्याआधीची तीन वर्षे राज्यात वास्तव्य असावे, आणि नागरिक नसल्यास कायम वास्तव्यासाठी पात्र होताच तसा अर्ज करीन असे प्रतिज्ञापत्र द्यावे. कॅलिफोर्नियाचा कायदा त्याच वर्षी काही महिन्यांनी आला. पुढे २०११ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असताना एका वादसभेत पेरी यांनी या कायद्याची पाठराखण केली आणि त्याला विरोध करणाऱ्यांना काळीजच नाही, असे म्हटले. त्यांच्या पक्षाच्या मतदारांना ते झोंबले आणि पेरींनी पुढे आपल्या शब्दांबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तरी कायद्यावरची त्यांची सही कायम राहिली. माझ्या मते पेरींनी काळजाची भाषा वापरायलाच नको होती. २००१ साली त्यांच्याच सहीने झालेला कायदा रोकड्या व्यवहारावर उभा होता आणि तो व्यवहार त्यांना अधिक चांगला मांडता आला असता.

आता विरोधी बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा. १९९६ च्या संघराज्यीय स्थलांतर कायद्यात एक कलम आहे. देशात कायदेशीरपणे न राहणाऱ्या परकीयाला, तो राज्याचा रहिवासी आहे एवढ्या आधारावर, उच्च शिक्षणातला कोणताही लाभ देता येणार नाही. मात्र तोच लाभ अमेरिकन नागरिकाला, तो त्या राज्याचा रहिवासी असो वा नसो, तितक्याच प्रमाणात मिळत असेल तर गोष्ट वेगळी, असे ते कलम म्हणते. त्याचा अर्थ लावताना सगळा भार ‘रहिवासाच्या आधारावर’ या शब्दांवर येतो. कॅलिफोर्नियाने आपला कायदा लिहिताना हे शब्द टाळले आणि ‘राज्यातील शाळेत तीन वर्षे हजेरी आणि तिथूनच पदविका’ अशी अट घातली. एखादा अमेरिकन नागरिक कॅलिफोर्नियात बारावी करून आईवडिलांबरोबर नेवाडाला राहायला गेला आणि पुन्हा शिकायला परत आला, तरी त्याला ही सवलत मिळते. म्हणून २०१० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, कारण शाळेतली हजेरी आणि रहिवास एक नव्हे आणि या सवलतीचा लाभ घेणाऱ्यांत अनेक जण नागरिकच होते. टेक्सासच्या कायद्यात मात्र ‘वास्तव्य’ हा शब्द ठळकपणे आहे आणि प्रवेशापूर्वीच्या वर्षातही ते राज्यातच हवे, अशी अट २००५ च्या दुरुस्तीनंतर आहे. त्यामुळे शब्दांच्या पातळीवर टेक्सासचा कायदा कॅलिफोर्नियाइतका भक्कम नव्हता, हे मला मान्य आहे आणि त्याच्या समर्थकांनीही ते मान्य करायला हवे होते. ते वेळीच मान्य झाले असते, तर एका ओळीच्या दुरुस्तीने काम भागले असते.

तसे झाले नाही. जे झाले ते वकिली इतिहासात नमुना म्हणून ठेवावे असे आहे. २०२५ च्या अधिवेशनात हा कायदा रद्द करण्याचे विधेयक आले होते, पण ते संमत न होताच २ जूनला अधिवेशन संपले. ४ जूनला संघराज्याच्या न्याय विभागाने टेक्सासविरुद्ध दावा दाखल केला, राज्याचे महाधिवक्ता केन पॅक्स्टन यांनी त्याच दिवशी तो मान्य केला, आणि संघराज्यीय न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी त्याच दिवशी, उभयपक्षी संमतीने, कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांना ही तरतूद लागू करण्यास कायमची मनाई केली. चोवीस वर्षे चाललेला कायदा एका कामाच्या दिवसात गेला. वादी आणि प्रतिवादी एकाच बाजूला बसले असतील तर ती सुनावणी नव्हे, साक्षगंध म्हणावे लागेल. ज्यांच्या फीचा प्रश्न होता ते विद्यार्थी नंतर आपली बाजू मांडू द्या म्हणून न्यायालयाच्या दारात आले. मला निकालाइतकीच त्या पद्धतीची काळजी वाटते. लोकप्रतिनिधींनी जे रद्द केले नाही, ते वकिलांनी आपसांत रद्द करून घ्यायचे, ही वाट एकदा पडली की उद्या ती कोणत्याही बाजूचे सरकार वापरील. याच वर्षी केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया यांच्यावरही असेच दावे झाले. फ्लोरिडाने त्याआधीच, फेब्रुवारीत, आपली २०१४ ची सवलत रद्द केली होती. पण ती निदान आपल्या विधिमंडळात मतदान घेऊन.

कायद्यापलीकडचे आक्षेपही आहेत. ओक्लाहोमाच्या नागरिकाने जास्त भरावे आणि बेकायदा आलेल्याने कमी, हा अन्याय नाही का? ऐकायला हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण ओक्लाहोमाच्या मुलाला ओक्लाहोमात त्याचे स्वतःचे स्वस्त विद्यापीठ आहे. तिथे त्याच्या आईवडिलांनी कर भरला आहे आणि तिथे टेक्सासचा मुलगा बाहेरचा ठरतो. ज्या मुलीची सगळी शाळा टेक्सासमध्ये झाली, तिच्यासाठी मात्र टेक्सास सोडून दुसरे कोणतेच राज्य ‘आपले’ नाही. तिला इथेही बाहेरची ठरवले, तर पन्नासही राज्यांत ती बाहेरचीच राहते. दुसरा आक्षेप असा की, अशा सवलतीमुळे लोक सीमा ओलांडायला प्रवृत्त होतात. कडेवरच्या मुलाला घेऊन रिओ ग्रांडे ओलांडणारी बाई चौदा वर्षांनंतरच्या कॉलेजच्या फीचा विचार करते, असे म्हणणाऱ्याने तशी एक तरी बाई पाहिली असेल का, याची मला शंका आहे. जागा अडवल्या जातात हा तिसरा मुद्दा तर प्रवेश आणि फी यांची गल्लत करतो. प्रवेश गुणांवर मिळतो, हा कायदा फक्त दर ठरवतो. आणि कम्युनिटी कॉलेजांत, जिथे येईल त्याला प्रवेश मिळतो, तिथे जागांचा प्रश्नच नसतो.

या बाबतीत ॲरिझोनाचे उदाहरण मला बोलके वाटते. तिथे २००६ साली सुमारे ७१ टक्के मतदारांनी कायदेशीर दर्जा नसलेल्या विद्यार्थ्यांना रहिवासी दर नाकारणारा प्रस्ताव संमत केला, आणि २०२२ साली त्याच राज्यातील सुमारे ५१ टक्के मतदारांनी, राज्यात दोन वर्षे शाळा करून बारावी झालेल्यांना तो दर पुन्हा दिला. मधल्या सोळा वर्षांत कायद्याचे पुस्तक तेच होते. बदलले ते एवढेच की ही मुले कोण आहेत हे लोकांना समोर दिसले : शेजारच्या बाकावरची, फुटबॉलच्या संघातली, किराणा दुकानात बिल करणारी.

यापुढचे लिहिणे मला अवघड जाते, कारण ते आपल्याच लोकांविषयी आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय निघाला की पहिली प्रतिक्रिया बहुधा अशी असते : आम्ही रांगेत उभे राहून आलो, एकेक कागद वेळेवर भरला, मग आमच्या मुलांनी बाहेरची फी भरायची आणि चोरवाटेने आलेल्यांनी कमी? ही तक्रार खोटी नाही. कॅलिफोर्नियाचा २००१ चा कायदा लिहितानाच तात्पुरत्या व्हिसावरील विद्यार्थ्यांना त्यातून वगळण्यात आले. एच-फोरवर असेपर्यंत मुलांना दुसऱ्या वाटेने रहिवासी ठरता येते, पण एकवीस पूर्ण होऊन एफ-वन आला की तीही वाट बंद होते. म्हणजे पहिलीपासून एकाच वर्गात शिकलेल्या दोन मुलांपैकी कागद नसलेल्याला रहिवासी दर आणि सगळे कागद असलेल्याला परकीयाचा. लहानपणी आलेल्या कागदविरहित मुलांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या डाका योजनेतही हेच झाले. त्या योजनेसाठी १५ जून २०१२ या दिवशी कायदेशीर दर्जा नसणे ही अट होती, त्यामुळे आपली मुले तिच्यात बसलीच नाहीत. कायदा पाळल्याची शिक्षा, असे याचे वर्णन कोणी केले तर मी हरकत घेणार नाही.

पण राग कोणावर काढायचा, तिथे मी वेगळा होतो. आपल्या मुलाला एकविसाव्या वर्षी उघड्यावर आणले ते संघराज्याच्या ग्रीन कार्डाच्या रांगेने. वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार नोकरी-आधारित ग्रीन कार्डे, त्यांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, मग तो देश आइसलँड असो की भारत. त्यामुळे २०२५ मध्ये भारतीयांसाठी नोकरी-आधारित ग्रीन कार्डांच्या दुसऱ्या वर्गात (ईबी-टू) २०१३ च्या आसपास केलेल्या अर्जांची पाळी चालू होती. या रांगेत मुले मोठी होतात, वडिलांच्या अर्जातून गळतात आणि ‘एज-आउट’ झाली असे म्हटले जाते. शेजारच्या बाकावरच्या होंडुरासच्या मुलाने ही रांग लावलेली नाही. उलट टेक्सासचा २००१ चा कायदा, ज्याला आपल्यातले पुष्कळ लोक बेकायदा स्थलांतरितांचा कायदा म्हणत आले, त्याने व्हिसाचा प्रकार न विचारता शाळा आणि तीन वर्षे एवढेच विचारले. म्हणून एफ-वनवर ढकलल्या गेलेल्या आपल्या मुलांनाही तो उपयोगी पडत होता. सुरुवातीला जिच्याविषयी लिहिले ती मुलगी त्याच तरतुदीखाली रहिवासी ठरली. मनाई फक्त कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांपुरती आहे, हे खरे; तिला ती लागू होत नाही, हेही खरे. पण विद्यापीठाला ‘कायदेशीर’ आणि ‘बेकायदेशीर’ वेगळे काढायचे म्हटले की प्रत्येक परदेशी आडनावाला आपले फोल्डर उघडावे लागते, आणि ती चाळणी चालवणारा कार्यालयातला कारकून स्थलांतर कायद्याचा पंडित नसतो. दुसऱ्याच्या घराचे छप्पर काढले तर आपले घर कोरडे राहील, असे आपण धरून चाललो होतो.

रांगेतल्यांना न्यायालयाकडून आधार मिळालाच नाही, असे मात्र नाही. १९८२ च्याच जून महिन्यात ‘टोल विरुद्ध मोरेनो’ हा निकाल आला. मेरीलँड विद्यापीठाने जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांच्या मुलांना, आईवडिलांच्या पगारावर आयकर नाही आणि व्हिसा तात्पुरता आहे म्हणून, रहिवासी दर नाकारला होता. संघराज्याने ज्यांना इथे घर करू दिले, त्यांच्यावर राज्याने आपला वेगळा बोजा लादू नये, असे म्हणून न्यायालयाने ते धोरण रद्द केले. आज एच-फोरवरच्या मुलांना बहुतेक ठिकाणी रहिवासी मानले जाते त्यामागे या निकालाचे बळ आहे. ही गोष्ट आपल्या मंडळांच्या बैठकांत कधीतरी निघावी.

आणि हा पेच आपल्याला नवा नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून वेगळे प्रवेशशुल्क घेतले जात होते, त्याविरुद्ध दिल्लीचे रहिवासी डी. पी. जोशी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ साली न्यायालयाने बहुमताने ते शुल्क योग्य ठरवले, कारण घटनेने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, रहिवासावरून नव्हे. महाराष्ट्रात प्रत्येक जूनमध्ये पालक डोमिसाईलसाठी सेतू केंद्राबाहेर उभे असतात, आणि बारावीसाठी मुलाला कोटाला पाठवून राज्याच्या कोट्याला मुकलेले पालक दहावी-बारावी कुठून केली या प्रश्नाचे वजन पुरते ओळखून असतात. शाळा कुठे झाली यावरून ‘आपला कोण’ ठरवण्याची पद्धत आपल्याला उपजतच मान्य आहे. मात्र नागरिकत्व आडवे आले की आपणही तसेच वागतो. अमेरिकेत जन्मून पुण्यात वाढलेल्या, दहावी-बारावी पुण्यातच केलेल्या आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) कार्ड असलेल्या मुलांना ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी अनिवासी भारतीयांच्या जागांत ढकलले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती अधिसूचना तिच्या तारखेआधीच्या कार्डधारकांना लागू होणार नाही असे सांगितले, पण ४ मार्च २०२१ पासून कार्ड काढलेल्यांसाठी ती आहेच. कोथरूडच्या शाळेत दहा वर्षे काढलेला मुलगा ‘अनिवासी’ कसा, असे विचारणाऱ्या आजोबांना मी ओळखतो. तेच आजोबा टेक्सासच्या निकालावर ‘बरे झाले’ म्हणाले होते.

म्हणून माझा आग्रह एका नियमाचा आहे. राज्यातील शाळेत ठरावीक वर्षे शिकून तिथूनच बारावी झालेल्या प्रत्येकाला, तो नागरिक असो, व्हिसाधारक असो वा कागदविरहित, सध्या राज्यात राहत असो वा नसो, रहिवासी दर मिळावा आणि पुरावा म्हणून फक्त शाळेची गुणपत्रिका मागितली जावी. १९९६ चे कलम जसे आहे तसे ठेवूनही हा नियम उभा राहतो, हे कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून दिसते. कॅलिफोर्नियाने व्हिसाधारकांना वगळून केलेली चूक तेवढी त्यात नको. टेक्सासचे विधिमंडळ पुढच्या अधिवेशनात ‘वास्तव्य’ या शब्दाच्या जागी ‘हजेरी’ हा शब्द घालू शकते. १९९६ चे ते कलमच रद्द करणे हा अमेरिकी संसदेचा अधिकार आहे. लहानपणी आलेल्या कागदविरहित मुलांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणाऱ्या २००१ सालच्या मूळ ड्रीम विधेयकात तशी तरतूद होती आणि २०२१ मध्ये एज-आउट झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र विधेयकही आले, पण दोन्ही तिथेच राहिली. संसदेकडून फार आशा धरावी असे मला वाटत नाही. राज्यांकडून मात्र वाटते, कारण बारा वर्षांचा खर्च त्यांच्या अंदाजपत्रकात दरवर्षी लिहिलेला असतो.

त्या घरातले टेबल आता पुन्हा जेवणासाठी मोकळे झाले आहे. मुलगी वसतिगृहात आहे, फोल्डर तिने बरोबर नेले. तिचा धाकटा भाऊ डॅलसमध्ये जन्मला, सध्या दहावीत आहे, तिच्याच शाळेत, काही विषयांना तिचेच शिक्षक. दोन वर्षांनी तो हाच अर्ज भरील तेव्हा नागरिकत्वाच्या प्रश्नावर ‘होय’वर टिचकी मारील आणि ताईने ज्यांवर आठवडा घालवला ते पुढचे प्रश्न त्याला स्क्रीनवर दिसणारही नाहीत.